‘पर्यायी शीर्षक’ नावाचा भ्रम : एका आयरिश हॉर्नपाइपच्या निमित्ताने

लोकसाहित्याच्या आणि लोकसंगीताच्या सूचींमध्ये एक रकाना हमखास आढळतो : ‘पर्यायी शीर्षके’. हा रकाना इतका निरुपद्रवी दिसतो की त्याच्यामागे एक संपूर्ण वाङ्मयसिद्धान्त दडलेला आहे, अशी शंकाही सूची वापरणाऱ्याला येत नाही. कृती एक असते. तिला एक शीर्षक असते. काळाच्या ओघात, लोकांच्या अज्ञानामुळे वा विस्मरणामुळे, त्या शीर्षकाला फाटे फुटतात. अभ्यासकाने ते फाटे गोळा करावेत, त्यांतील मूळ कोणते ते ठरवावे आणि उरलेले कंसात टाकावेत, असा तो सिद्धान्त होय. लिखित वाङ्मयाच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी चालतो. मौखिक परंपरेच्या बाबतीत मात्र तो त्या परंपरेविषयी चक्क खोटी माहिती निर्माण करतो. शब्दविरहित वाद्यसंगीतात हे जितके उघडे पडते तितके अन्यत्र पडत नाही, कारण तेथे शीर्षकाला टेकू द्यायला संहितेतील एकही शब्द हाताशी नसतो. म्हणून आयर्लंडच्या फिडलवादकांच्या परंपरेतील एका हॉर्नपाइपचे उदाहरण सविस्तर तपासणे मराठी अभ्यासकालाही उपयोगी ठरावे.

हॉर्नपाइप हा मूळचा इंग्लंडमधील नृत्यप्रकार. अठराव्या शतकात त्याने आपला जुना त्रिमात्रिक साचा सोडून चतुर्मात्रिक रूप घेतले, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव फिरणाऱ्या नृत्यशिक्षकांच्या द्वारा तो आयर्लंडमध्ये रुजला. आठ-आठ मात्राखंडांचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा. स्वरांच्या जोड्या लांब-आखूड अशा झोक्याने घ्यायच्या. आणि भाग संपताना तीन ठाशीव आघात, नर्तकाच्या जड तळव्याच्या बुटांना जागा देणारे. ‘द बॉइज ऑफ ब्लूहिल’ ही या प्रकारातील बहुधा सर्वांत परिचित धून. नवशिक्याला फिडलवर ज्या पहिल्या चार-दोन धुना शिकवल्या जातात त्यांत ती असते, आणि ती संपली की बहुधा ‘द हार्वेस्ट होम’ हा दुसरा हॉर्नपाइप न थांबता सुरू होतो. आता सूची उघडावी. तेथे हीच धून ‘द बो’ज ऑफ ओक हिल’, म्हणजे ओक टेकडीवरचे छैलछबीले, या नावाने अमेरिकन छापील संग्रहांत भेटते. इंग्लंडच्या उत्तरेकडील नॉर्थम्बर्लंडमध्ये ती ‘द लॅड्स ऑफ नॉर्थ टाइन’ होते. टाइन ही तिकडची नदी. आणि १८३९ साली बाल्टिमोर येथे प्रसिद्ध झालेल्या जॉर्ज नॉफ यांच्या ‘व्हर्जिनिया रील्स’ या संग्रहात ती ‘टू सिस्टर्स’ म्हणून आढळते. टेकडी, नदी आणि दोन बहिणी. ‘बॉइज ऑफ ब्लूहिल’ हे नाव जगभर रूढ झाले त्याचे श्रेय शिकागोतील एका पोलीस अधिकाऱ्याकडे जाते.

हा अधिकारी म्हणजे फ्रान्सिस ओनील. कॉर्क परगण्यातील बँट्रीजवळच्या ट्रॅलिबेन येथे १८४८ साली जन्मलेला, समुद्रावर भटकून अखेरीस शिकागोत स्थिरावलेला, आणि १९०१ ते १९०५ या काळात त्या शहराच्या पोलीस दलाचा सर्वोच्च अधिकारी. त्याने १९०३ साली १८५० धुनांचा संग्रह छापला, १९०७ साली नृत्यधुनांचा १००१ चा दुसरा संग्रह. धुना ओनीलच्या स्मरणातून आणि त्याच्या परिचयाच्या स्थलांतरित वादकांकडून येत. स्वरलेखन जेम्स ओनील हा त्याचा सहकारी करी. १९०३ च्या संग्रहात प्रत्येक धुनेच्या डोक्यावर इंग्रजी नावाबरोबर आयरिश भाषेतील नावही छापलेले आहे. पुढील कित्येक पिढ्यांनी ही आयरिश नावे म्हणजे धुनांची खरी, प्राचीन, इंग्रजीने झाकून टाकलेली नावे समजली. वस्तुतः त्यांतील मोठा भाग इंग्रजी नावांचे त्या पुस्तकासाठी केलेले भाषांतर आहे. ‘निळी टेकडी’ इंग्रजीतून आयरिशमध्ये गेली, उलट दिशेने नव्हे. राष्ट्रीय चळवळीच्या ऐन भरात मुद्रकाच्या टेबलावर जन्मलेले नाव अर्ध्या शतकात ‘मूळ’ ठरते, ही घटना शीर्षकांच्या वंशावळी मांडणाऱ्यांनी जरा मनावर घ्यायला हवी.

पण मूळशोधक अभ्यासक त्याने बधत नाही. त्याच्यापाशी पाठचिकित्सेची आयुधे असतात आणि ती त्याला येथेही लागू करायची असतात. ‘बो’ज ऑफ ओक हिल’ आणि ‘बॉइज ऑफ ब्लूहिल’ ही दोन नावे मोठ्याने उच्चारून पाहावीत. एक दुसऱ्याच्या चुकीच्या श्रवणातून निघाले असावे असे कोणाच्याही कानाला पटेल. मग कोणते कोणातून? कठिनतर पाठ मूळ मानावा हे पाठचिकित्सेचे जुने सूत्र. ‘बो’ज’ हा फ्रेंचमधून आलेला, शहरी, खेड्यातल्या जिभेला अनोळखी शब्द, ‘बॉइज’ सोपा. लेखनिक कठिणाचे सोपे करतो, सोप्याचे कठीण करीत नाही. तेव्हा ओक हिल मूळ, ब्लूहिल भ्रष्ट. येथे प्रमेय सिद्ध होते आणि अभ्यासक समाधानाने लेखणी खाली ठेवतो.

या युक्तिवादात दोष एवढाच की त्यात लेखनिक नाही. कठिनतर पाठाचे सूत्र समोर एक आदर्श प्रत ठेवून तिची नक्कल करणाऱ्या माणसाविषयी आहे. फिडलवादकापुढे कोणतीही प्रत नसते. तो धून ऐकतो, उचलतो. नाव ऐकले असेल तर तेही उचलतो, नसेल तर त्याच्यावाचून त्याचे काही अडत नाही. शिवाय ‘ब्लूहिल’ हे चुकीच्या श्रवणातून आले असे क्षणभर मान्य केले, तरी त्यामुळे ‘ओक हिल’ धुनेच्या अधिक जवळचे कसे ठरते? धुनेत ओकही नाही आणि निळेपणाही नाही. भ्रष्ट होण्यासाठी आधी काहीतरी शुद्ध असावे लागते. येथे नाव आणि धून यांच्यात शुद्धाशुद्ध ठरवणारा कोणताही अर्थसंबंध मुळातच नाही. चूक झाली असेल तर ती ध्वनीच्या इतिहासातील घटना आहे, कृतीच्या इतिहासातील नाही. छापील संग्रहांच्या तारखा लावण्याचे काम मोलाचे आहे, यात वाद नाही. मात्र १८३९ ही एका मुद्रित नोंदीची तारीख आहे. तिला जन्मतारीख म्हणणे हा प्रमाद आहे, आणि तो वारंवार होतो.

याहून मूलभूत अडचण पुढेच आहे. ही चार नावे ‘एकाच’ धुनेची आहेत, हे ठरवले कोणी? टाइनच्या काठावरील पाइपवादक जे वाजवतो आणि स्लायगोतील फिडलवादक जे वाजवतो त्यांत स्वरांची वळणे, अलंकार, गती, कधी दुसऱ्या भागाचा आरंभच वेगळा असतो. एडवर्ड बंटिंगने १८४० च्या आपल्या संग्रहात असे ठाम प्रतिपादन केले होते की शब्द बदलतात, पण लोकांच्या कानात एकदा बसलेली धून बदलत नाही. एकोणिसाव्या शतकाची ती गोड समजूत होती. जॉर्ज पेट्रीच्या हस्तलिखितांवरून चार्ल्स व्हिलियर्स स्टॅनफर्डने १९०२ ते १९०५ या काळात जी १५८२ धुनांची बृहत् आवृत्ती काढली तिच्यात एकच धून निरनिराळ्या क्रमांकांखाली पुनःपुन्हा येते, आणि ओनीलच्या संग्रहातही तसेच घडते. याला संपादकांची गफलत म्हणण्याची प्रथा आहे. थोडी गफलत असेलही. पण ज्याने धून दिली त्याच्या दृष्टीने त्या दोन धुना होत्या, दोन माणसांच्या, दोन गावांच्या, असेही म्हणता येते. आणि तसे म्हटले की ‘पर्यायी शीर्षके’ या शब्दप्रयोगाचा पाया ढासळतो. पर्याय म्हणजे निवडीची शक्यता. चार नावांपैकी एक निवडण्याची शक्यता फक्त त्याच्यापुढे असते ज्याच्यासमोर चारही नावे एकाच वेळी मांडलेली आहेत, म्हणजे सूचीकारापुढे. टाइनकाठच्या माणसाला ‘बॉइज ऑफ ब्लूहिल’ हा पर्याय नव्हता. त्याच्यापाशी एक धून होती आणि तिला एक नाव होते. पर्यायी शीर्षक ही ग्रंथालयाची निर्मिती आहे. परंपरेने ती कधी पाहिलेली नाही.

पाठचिकित्सेची परंपरा पुण्यात ज्यांनी उभी केली त्यांना हे चांगले ठाऊक होते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या आदिपर्वाला १९३३ साली जोडलेल्या प्रस्तावनेत विष्णु सीताराम सुकथनकरांनी व्यासांची मूळ संहिता हाती लागल्याचा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जिच्यापर्यंत मागे जाता येते अशी प्राचीनतम संहिता, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ते काव्य आरंभापासूनच प्रवाही होते याची त्यांना पुरती जाणीव होती. ज्यांच्यापुढे शेकडो हस्तलिखिते होती त्यांनी एवढा संयम पाळला. ज्यांच्यापुढे एकही हस्तलिखित नाही त्यांनी मूळ शीर्षकाच्या गोष्टी कराव्यात, हे विपरीत आहे.

मूळशोधकाचा धाकटा भाऊ म्हणजे अर्थशोधक. त्याला वंशावळीशी कर्तव्य नसते. नाव कोणतेही असो, ते कृतीत शिरण्याचा दरवाजा आहे असे तो मानतो. जेरार जेनेत यांच्या १९८७ च्या ‘सय’ या ग्रंथाने शीर्षकाला संहितेचा उंबरठा म्हणून जी प्रतिष्ठा दिली ती मराठी समीक्षेतही झिरपली, आणि कवितेचे शीर्षक, कादंबरीचे शीर्षक यांवर पानेच्या पाने लिहिण्याची सोय झाली. जेनेत स्वतः सावध होते. शीर्षकाची अनेक कार्ये त्यांनी सांगितली, पण त्यांतले केवळ निर्देशाचे कार्य अनिवार्य आहे, वर्णनाचे, सूचनाचे, मोहवण्याचे नाही, असेही त्यांनीच सांगितले. अनुयायी नेमके हेच विसरले.

अर्थशोधकाच्या हाती ‘द राइट्स ऑफ मॅन’ हा हॉर्नपाइप द्यावा. टॉमस पेनचा त्याच नावाचा ग्रंथ १७९१ आणि १७९२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्याचा आयर्लंडमधील प्रभाव सर्वज्ञात आहे. नाव तेथून आले असण्याचा संभव मोठा. धून मायनर स्वरसप्तकातली, किंचित उदास. एवढे भांडवल मिळाले की १७९८ च्या फसलेल्या उठावाचा विषाद दुसऱ्या भागाच्या चढत्या स्वरावलीत ऐकू येऊ लागतो. हा निबंध कोणी लिहिला नसेल तर तो योगायोग समजावा. हाच अर्थशोधक ‘द होम रूलर’ या हॉर्नपाइपपाशी आला की होमरूलच्या चळवळीचा इतिहास काढून बसतो. ही धून अँट्रिम परगण्यातील बॅलीकॅसल येथील फ्रँक मॅकॉलम या फिडलवादकाची रचना आहे, आणि तिच्या नावाविषयी वादकांत प्रचलित असलेली हकीकत अशी की ‘घरावर राज्य करणारी’ म्हणजे त्याची पत्नी. पार्नेल, ग्लॅडस्टन आणि वेस्टमिन्स्टरची पार्लमेंट यांचा तेथे काही संबंध नाही.

याला प्रतिउदाहरण म्हणून ‘द हाय लेव्हल’ पुढे केला जाईल, आणि ते रास्त आहे. न्यूकॅसलच्या परिसरातील जेम्स हिल या फिडलवादकाच्या नावावर असलेला हा हॉर्नपाइप टाइन नदीवरील रॉबर्ट स्टीफनसनच्या हाय लेव्हल पुलाच्या नावाचा आहे. पूल १८४९ साली वाहतुकीला खुला झाला. येथे रचनाकार माहीत आहे, प्रसंग माहीत आहे, नाव का पडले तेही कळते. तरीही या माहितीमुळे जे कळते ते न्यूकॅसलविषयी, तेथील माणसांना लोखंडी पुलाचे वाटलेल्या अपूर्वाईविषयी कळते. धुनेत पूल ऐकू येत नाही. तिच्या उड्या मारणाऱ्या स्वरांत लोखंडी कमानी ऐकू येतात असे ज्याला वाटेल त्याने आधी तीच धून नावाशिवाय ऐकून पाहावी.

ब्रेंडान ब्रॅनाख (१९१२-१९८५) यांनी हा प्रश्न फार व्यवहारी पद्धतीने सोडवला. नृत्यधुनांची नावे ही निव्वळ चिठ्ठ्या आहेत, त्यांचा संगीताशी सामान्यतः संबंध नसतो, हे त्यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात स्पष्ट मांडले. आणि ते मानल्यावर नावांच्या आधारे सूची करण्यात अर्थ नाही हे ओळखून धुनेच्या आरंभीच्या आघातयुक्त स्वरांना अंक देऊन त्या अंकांच्या क्रमाने हजारो पत्रके लावली. नाव कोणतेही असो वा नसो, धून सापडते. १९६३ पासून निघालेल्या त्यांच्या ‘क्योल रिंके ना हेरन’ या संग्रहमालेत धून कोणा वादकाकडून घेतली त्याचे नाव दिलेले आहे, आणि अन्य नावे टीपांत दिली आहेत. ब्रॅनाख यांचे काम आदर्शवत आहे. फक्त ‘चिठ्ठी’ या त्यांच्या उपमेपाशी थांबता येत नाही. चिठ्ठी बरणीला बाहेरून चिकटवलेली असते आणि चिकटवणाऱ्याविषयी काही सांगत नाही. फिडलवादकांची नावे तशी नाहीत.

ती कशी आहेत हे पाहायचे तर नाव कोठे स्थिर राहते आणि कोठे हलते, ते पाहावे. आयरिश नृत्यस्पर्धांत ‘सेट डान्स’ नावाचा एक वर्ग आहे. ‘द ब्लॅकबर्ड’, ‘द जॉब ऑफ जर्नीवर्क’, ‘द गार्डन ऑफ डेझीज’ अशा ठरावीक धुना. प्रत्येकीवरचे पदन्यास त्या धुनेच्याच लांबी-रुंदीला बेतलेले. त्यांचे भाग असमान असतात, तेव्हा एकीची पावले दुसरीवर बसत नाहीत. येथे नर्तकाने वादकाला नाव सांगितले आणि वादकाने भलतीच धून काढली तर नाच मोडतो. म्हणून या धुनांची नावे घट्ट आहेत. ‘ब्लॅकबर्ड’ हे नाव परागंदा स्टुअर्ट राजपुत्राचे सांकेतिक नाव म्हणून गाण्यातून आले, हे अनेक नर्तकांच्या गावीही नसते. तरी नाव टिकले आहे. याउलट साध्या हॉर्नपाइपच्या नाचाला कोणताही हॉर्नपाइप चालतो. आठ-आठ मात्राखंडांचे दोन समान भाग आणि योग्य गती, एवढे असले की नर्तकाचे भागते. तो वादकाला ‘एक हॉर्नपाइप घ्या’ म्हणतो. कोणता ते म्हणत नाही. ‘बॉइज ऑफ ब्लूहिल’ला चार नावे पडली ती लोक अडाणी होते म्हणून नव्हे. नाव घट्ट ठेवण्याची गरजच या धुनेच्या उपयोगात नव्हती. नावाची स्थिरता उगमावर अवलंबून नसते, वापरावर असते; जेवढी अचूकता व्यवहाराला लागते तेवढीच परंपरा पुरवते. विस्मृती आणि भ्रष्टता यांच्या साहाय्याने जे सांगितले जाते ते सगळे या एका निरीक्षणाने अधिक चांगले उलगडते.

वादकांच्या बैठकीत नावाची गरज वेगळी असते. तेथे धुना दोन-दोन, तीन-तीन अशा जोडून वाजतात, आणि धून ओळखण्याची खूण अनेकदा तिची शेजारीण असते : ‘हार्वेस्ट होमच्या आधीची’. ही जोडकामे कधी परंपरेने, कधी ध्वनिमुद्रिकांनी पक्की केली. स्लायगोचा मायकेल कोलमन (१८९१-१९४५) याने न्यूयॉर्कमध्ये १९३४ साली ‘टारबोल्टन’, ‘द लाँगफर्ड कलेक्टर’ आणि ‘द सेलर्स बॉनेट’ हे तीन रील एका तबकडीवर लागोपाठ वाजवले. आज नव्वद वर्षांनंतरही पहिला सुरू झाला की उरलेले दोन येणार हे बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. आणि जेथे शेजारीण पुरत नाही तेथे माणूस येतो. ‘अमक्याची रील’, ‘तमक्याचा हॉर्नपाइप’. येथील षष्ठी विभक्तीने बाहेरच्या अभ्यासकाला नेहमी चकवले आहे. अमक्याची म्हणजे बहुतेक वेळा अमक्याने रचलेली नव्हे. अमक्याकडून आलेली, अमका जी सुरेख वाजवी ती. एकाच धुनेला दोन माणसांची नावे पडली असतील तर ती पर्यायी शीर्षके नसून दोन वेगळ्या ऋणांच्या नोंदी आहेत. स्वतः ओनीलच्या संग्रहात ‘चीफ ओनील्स फेव्हरिट’ नावाचा हॉर्नपाइप आहे. त्याचे दुसरे नाव ‘द फ्लॉवर्स ऑफ अ‍ॅड्रिगोल’. अ‍ॅड्रिगोल हे ओनीलच्याच मुलखातले, बँट्री उपसागराच्या काठचे गाव. एका नावात गाव आहे, दुसऱ्यात त्या मुलखातून गेलेल्या माणसाचा शिकागोतील हुद्दा. ही दोन नावे एकमेकांच्या जागी ठेवता येतील असे ज्याला वाटते त्याने स्थलांतराचा इतिहास वाचलेला नाही. सूची मात्र त्यांच्यामध्ये एक तिरपी रेघ मारते.

आणि काही धुनांना नाव नाहीच. ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर अशा जागी ‘गान अनम्’ असे आयरिश शब्द छापण्याची रीत आहे. अर्थ, ‘नाव नसलेली’. एकाच तबकडीवर दोन-तीन ‘गान अनम्’ सहज असतात.

येथे तिसरा प्रतिपक्षी हसत पुढे येतो. त्याला हे सर्व फार आवडलेले असते. चिन्हक आणि चिन्हित यांची फारकत, कर्त्याचा अभाव, मूळ नसलेली पुनरावृत्ती, अनंत विखुरणारी नावे : बार्थ यांनी १९६७ मध्ये कर्त्याचा मृत्यू जाहीर केला तो आयर्लंडच्या पानगृहांत आधीच झालेला होता, अशी मांडणी त्याला करायची असते. ही मांडणी मूळशोधकाच्या मांडणीपेक्षा आकर्षक आहे आणि अधिक घातक आहे. अल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० मध्येच दाखवून दिले होते की मौखिक परंपरेत ‘मूळ’ ही कल्पना लागू पडत नाही, प्रत्येक गायन हेच एक मूळ असते. पॉल झुम्तोर यांनी १९७२ मध्ये मध्ययुगीन काव्याची ‘चलिष्णुता’ सांगितली. या दोघांच्याही विवेचनात गाणारा माणूस जागेवर होता. लॉर्ड तर त्याचे नाव, वय, गुरू यांची नोंद केल्यावाचून पुढे जात नाहीत. मुक्तिवादी समीक्षक त्यांच्याकडून ‘मूळ नाही’ एवढेच उचलतो आणि माणूस सोडून देतो. चिन्हक मोकळे झाले, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ज्याच्याकडून धून मिळाली त्याचे नाव गळून पडलेले असते.

गळून पडलेल्या नावाची किंमत कोणीतरी मोजतो. कॅव्हन परगण्यातून फिलाडेल्फियाला गेलेला एड रीव्ही (मृत्यू १९८८) हा पेशाने नळकाम करणारा. त्याने रचलेल्या रील आणि हॉर्नपाइप त्याच्या हयातीतच इतक्या पसरल्या की वाजवणारे त्यांना पारंपरिक समजत. एका अर्थी हा त्याचा सर्वोच्च गौरव. पण तबकडीच्या वेष्टनावर ‘पारंपरिक, मांडणी अमुक’ असे छापले की त्या ओळीत रीव्ही नसतो, मांडणीकार असतो, आणि मानधन मांडणीकाराच्या खात्यावर जाऊ शकते. १९९८ साली आयर्लंडमधील संगीतहक्कांचे नियमन करणारी संस्था आणि कोल्तास कोलतोरी एरन ही १९५१ पासूनची पारंपरिक संगीताची संस्था यांच्यात करार झाला, तेव्हा त्यावर उसळलेल्या वादाच्या मुळाशी हाच पेच होता. हक्काच्या नोंदवहीला दोनच रकाने कळतात, शीर्षक आणि कर्ता. ‘हे मला अमक्याकडून मिळाले’ या वाक्यासाठी तिच्यात रकाना नाही. आणि ‘चिन्हक मुक्त आहे’ असे म्हणणारा सिद्धान्त, स्वतःच्या नकळत, याच नोंदवहीची बाजू घेतो : जे कोणाचेच नाही ते ज्याने आधी नोंदवले त्याचे.

मराठी अभ्यासकाला हा पेच परका वाटण्याचे कारण नाही. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या पदाचे पहिले शब्द दिलेले असतात. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’पासून ही रीत सर्वांच्या डोळ्यांखालून गेली आहे. ते शब्द नव्या पदाचे शीर्षक नाहीत, चालीचेही शीर्षक नाहीत. गाणाऱ्याला आधीच येत असलेल्या गोष्टीकडे ते बोट दाखवतात. त्यांतली कित्येक बोटे आज ज्या पदांकडे वळलेली आहेत ती पदे कोणाला म्हणता येत नाहीत. तरीही नव्या आवृत्त्यांत या ओळी अनावश्यक म्हणून गाळण्याचा मोह ज्या संपादकांना होतो, ते शीर्षक आणि नाव यांतील भेद न कळल्याची साक्ष देतात.

ओवीच्या बाबतीत नुकसान अधिक झाले. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्यांचा केवढा मोठा ठेवा राखून ठेवला, हे कोणी नाकारणार नाही, पण तेथे ओव्या विषयवार लावल्या आहेत आणि कोणती ओवी कोणत्या गावच्या कोणत्या बाईच्या तोंडची, हे कळायला मार्ग नाही. त्यानंतरच्या अनेक संकलनांनी गुरुजींची माया न घेता त्यांची केवळ मांडणी घेतली. एका ओवीखाली ‘पाठभेद’ म्हणून चार रूपे दिली की काम शास्त्रीय झाले, असे समजले गेले. ती चार रूपे म्हणजे चार जाती, चार बायका, चार पहाटा होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवताना गाणारीचे नाव आणि गाव लिहून ठेवले, तेव्हा त्यांनी कोणता नवा सिद्धान्त मांडला नाही. मात्र ‘पाठभेद’ या शब्दाने जे झाकले होते ते त्यांच्या पत्रकांवर सरळ दिसू लागले.

सूची करू नये असा याचा अर्थ कोणी काढू नये. डब्लिनमध्ये १९८७ साली स्थापन झालेल्या आयरिश पारंपरिक संगीत संग्रहालयाला सूचीशिवाय एक दिवस चालता येणार नाही, आणि अलोइस फ्लाइशमान यांनी १८५५ पर्यंतच्या मुद्रित-हस्तलिखित साधनांतील हजारो धुनांचा जो कोश संकल्पिला व जो १९९८ मध्ये दोन खंडांत बाहेर पडला, त्याच्यावाचून वर केलेली कोणतीही तुलना शक्य झाली नसती. मागणी एका रकान्यापुरती आहे. ‘पर्यायी शीर्षके’ हा मथळा काढावा आणि त्याच्या जागी प्रत्येक नावापुढे ते कोणी, कोठे, कोणत्या साली वापरले, कोणासाठी वाजवताना वापरले, आणि त्याच्या मागेपुढे कोणती धून होती, हे लिहावे. ‘बो’ज ऑफ ओक हिल’पुढे ते ज्या छापील वहीत आहे तिचे नाव व तिचा मुद्रक येईल, ‘लॅड्स ऑफ नॉर्थ टाइन’पुढे पाइपवादकांची एक वस्ती येईल, आयरिश नावापुढे ‘१९०३, शिकागो, भाषांतर’ अशी प्रामाणिक नोंद येईल. रकाना लांबेल, काही जागी तो रिकामा राहील, आणि ‘गान अनम्’पुढे फक्त वादकाचे नाव असेल.